आई मध्ये का पडत नाही?

पक्ष्याच्या घरट्यात थोरलं पिल्लू धाकट्याला टोचतंय आणि आई नुसती बघत बसलीय, असं कसं, असा प्रश्न एकाने विचारलाय. आमच्या गावच्या चिंचेवर पावसाळ्यात गायबगळ्यांची घरटी असतात, तिथे मीही हेच पाहिलं आणि फार वाईट वाटलं. आई आली की थोरली दोघं तिची चोच आडवी पकडून खाली ओढायची. तिसऱ्याने मान वर केली की डोक्यावर टोच. मागची पिसं जाऊन कातडी लालभडक झाली होती. चौथ्या दिवशी ते झाडाखाली पडलेलं सापडलं, मुंग्या लागलेलं.

पण आई यात निर्दोष नाही बरं का! सगळी अंडी व्हायच्या आतच ती उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं मागेपुढे बाहेर येतात आणि धाकटं आधीच मागे पडतं. शिवाय आधीच्या अंड्यांच्या बलकात अँड्रोजेन (आक्रमकपणा वाढवणारी) संप्रेरकं शेवटच्या अंड्यापेक्षा जास्त असतात, हे १९९७ साली संशोधकांनी दाखवलंय. चारा मुबलक असला तर धाकटंही तगतं, नसला तर निदान थोरली दोन वाचतात.

सगळीकडे असंच असतं असं मात्र समजू नका. गव्हाणी घुबडाची पिल्लं आईबाप शिकारीला गेले की आपसात ओरडून सांगतात, मला जास्त भूक लागलीय. ते ऐकून बाकीची माघार घेतात, आणि कधीकधी थोरलं स्वतःकडचा उंदीर धाकट्याला भरवतं.