गाडीच्या अँपमधून (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) शिट्टी येतेय आणि आवाज वाढवला की प्रोटेक्ट लाइट, काय करू?

घाटावरचा:
राम राम मंडळी. गाडी २०१३ ची स्विफ्ट, मागच्या महिन्यात एका दुकानातून फोर चॅनल अँप बसवून घेतला (७५ वॅट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, गुणिले ४, खोक्यावर मात्र ठळक १८०० वॅट 😀), पुढचे दरवाजे दोन चॅनलवर आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, १२ इंची सब (बेसचा मोठा स्पीकर). आता इंजिन चालू केलं की ट्वीटरमधून बारीक शिट्टी, एक्सलेटर दिला की तिचाही सूर चढतो, गाणं बंद असलं तरी. आणि व्हॉल्यूम २२ च्या वर नेला की अँपची लाल प्रोटेक्ट लाइट लागून सगळं गप्प, थोड्या वेळानं आपोआप परत येतं. दुकानदारानं आरसीए (हेड युनिटकडून अँपला सिग्नल नेणाऱ्या वायरी) उपटून दाखवल्या, शिट्टी गेली, म्हणाला बघा तुमचा हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला स्टिरिओ, खराब, नवीन घ्या. खरंच घ्यावा लागेल का हो?

निवांत:
मी आरसीएला नॉइज फिल्टर लावला, शिट्टी गेली. स्वस्तात काम झालं.

तांब्याची_तार:
घाटावरचा भाऊ, पैसे खिशातच ठेवा. आरसीए काढल्यावर शिट्टी जाते यावरून फक्त अँप ठीक आहे एवढंच कळतं. अँपचा अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनस वायर) कच्चा असला की बॅटरीकडं परत जाणारा थोडा करंट आरसीएच्या बाहेरच्या तारेच्या जाळीतून हेड युनिटकडं वाट काढतो, त्यावर बसून अल्टरनेटरची शिट्टी येते, आणि आरसीए काढली की ती वाटच तुटते, मग शिट्टी जाणारच ना! फिल्टरनं आवाज दबेल, पण साध्या फिल्टरमध्ये खालचा बेसही खाल्ला जातो, आणि अर्थ कच्चा तो कच्चाच.
मल्टिमीटर डीसीवर ठेवा, एक टोक अँपच्या ग्राउंड टर्मिनलला, दुसरं लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या मायनसला, इंजिन चालू, गाणं मोठ्यानं. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत ठीक, त्याच्या वर म्हणजे गडबड. अर्थ कुठं मारलाय बघा, सीटबेल्टच्या बोल्टला असेल तर तिथंच रंग आणि लॉकिंगचा चिकटा मधे येतो.
लाल लाइट वेगळी भानगड वाटते. सब सिंगल कॉइल की डबल? जोडणी कशी?

घाटावरचा:
दादा १.१ व्होल्ट आला 😳 आणि अर्थ सीटबेल्टच्याच बोल्टला! सब डबल कॉइल, ४ अधिक ४ ओहम, दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र.

तांब्याची_तार:
सापडलं. पॅरलल म्हणजे २ ओहम, आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मा लोड दिसतो, म्हणजे १ ओहम. बहुतेक फोर चॅनल अँप ब्रिजला ४ च्या खाली चालत नाहीत, तो बिचारा जीव वाचवायला बंद पडतोय. कॉइल सिरीजमध्ये करा, ८ ओहम. मीटरवर ७ च्या आसपास दिसेल, घाबरू नका.
अर्थसाठी डिक्कीत जाड पत्रा बघा (खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही ना हे वाकून बघूनच ड्रिल), पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून क्रिम्प करा, वायर दीड फुटाच्या आत, वरून रंग मारा नाहीतर गंज. पॉवर वायरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आहे ना तेही बघा, नसेल तर आजच लावा, हे शिट्टीपेक्षा महत्त्वाचं.
मग गेन, म्हणजे हेड युनिटच्या सिग्नलशी अँप जुळवून घ्यायची सेटिंग. बेस बूस्ट शून्य, सबची वायर काढून ५० हर्ट्झचा टोन, हेड युनिट पाऊण व्हॉल्यूमवर, मीटर एसीवर, टोकं अँपच्या सबच्या टर्मिनलांना. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: १५० (७५ चे दोन चॅनल) गुणिले ८ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवत मीटर तिथं आला की थांबायचं. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे, कितीही सांगा, लोक फुल्लच करतात राव.

घाटावरचा:
रविवारी भावाला घेऊन केलं सगळं. आता ०.०६ व्होल्ट, शिट्टी साफ गेली, ३० व्हॉल्यूमला अर्धा तास वाजवलं, लाइट नाही. फ्यूज होता, पण डिक्कीत अँपशेजारी!! तो बॅटरीजवळ नेला. एकच राहिलं, आता मागची नंबर प्लेट बडबडतेय.

निवांत:
प्लेटमागं फोमची डबल टेप. आणि मी फिल्टर काढून माझा अर्थ बघतो आता.