टक्कर-इशाऱ्यांच्या कन्सोलवर रात्रपाळीचा माणूस हवाच का?

कक्षापाल
अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियंत्रण कक्षांत आजही चोवीस तास खुर्ची भरलेली ठेवायची पद्धत आहे. बाकी कामांना असेलही गरज, पण टक्कर-इशाऱ्यांसाठी रात्री माणूस बसवणं बंद करावं, असं माझं मत. कारणं मांडतो, खोडून काढा.

पाळीवरचा माणूस नेमकं करतो काय? दोन वस्तू जवळून जाणार असल्याचा संदेश, म्हणजे सीडीएम, येतो. त्यातून सर्वांत जवळ येण्याची वेळ (टीसीए), अंतर, सापेक्ष वेग आणि टकरीची शक्यता (पीसी) वाचायची. पीसी दहा हजारांत एकच्या खाली असेल तर लॉगमध्ये 'लक्ष ठेवा' लिहायचं, वर असेल तर उपग्रहाच्या मालकाला फोन आणि मेल. माग ठेवलेल्या वस्तूंच्या यादीत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, आज चाळीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, त्यामुळे संदेशांना तोटा नाही. त्यातले बहुतेक नवी मोजमापं आली की आपोआप विरून जातात. रोज मरे त्याला कोण रडे! पहाटे तीनला शंभरावा संदेश उघडणारा माणूस ही यंत्रापेक्षा वाईटच चाळणी.

तीच माणसं दिवसा कॅटलॉगच्या डागडुजीला लावा. जानेवारी २०२१ मध्ये एकाच फाल्कन ९ रॉकेटने १४३ उपग्रह सोडले. अशा उड्डाणानंतर कोणता ठिपका कोणाचा हे लावण्यात दिवसच्या दिवस जातात. डोकं तिथे लागतं.

तिरकस_किरण
साफ असहमत. तुमची चाळणी ज्या आकड्यावर चालते तो आकडाच फसवा आहे. कागद-पेन्सिल घ्या. दोन्ही वस्तूंची मिळून त्रिज्या १० मी, अंतर ४०० मी, आणि भेटीच्या (जवळून जाण्याच्या) प्रतलात स्थानाची अनिश्चितता दोन्ही दिशांना सारखी धरा.

सिग्मा, म्हणजे त्या अनिश्चिततेचं माप, १०० मी असेल तर पीसी येते दहा लाखांत १.७. सिग्मा २८३ मी केला की दहा हजारांत २.३, म्हणजे लाल रेषेच्या वर. आता सिग्मा ५ किमी करून बघा. पीसी पुन्हा दहा लाखांत २! पहिला आणि तिसरा आकडा जवळपास सारखा, अर्थ मात्र उलटे. पहिल्यात 'हे आदळणार नाहीत, आम्हाला ठाऊक आहे'. तिसऱ्यात 'आम्हाला काहीच ठाऊक नाही'. तुमचं यंत्र दोघांनाही हिरवा कंदील दाखवून मोकळं.

१० फेब्रुवारी २००९ ला चालू असलेला इरिडियम ३३ आणि मेलेला कॉसमॉस २२५१ सायबेरियावर ७८९ किमी उंचीवर आदळले. उघड टीएलईंवरून (कक्षेच्या दोन ओळींच्या नोंदींवरून) त्या दिवशीचं अंदाजी अंतर होतं ५८४ मी, आणि ती जोडी धोक्याच्या यादीत वरच्या नंबरांत नव्हती.

कक्षापाल
उदाहरण झकास, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ही फसगत पकडायला माणूस कशाला? कोव्हेरियन्स (स्थानाच्या अनिश्चिततेचा तक्ता) लहानमोठा करून पीसी जास्तीत जास्त किती चढू शकते हे काढायला दोन ओळींचा कोड पुरतो. शेवटचं निरीक्षण कधीचं, एकूण निरीक्षणं किती, कक्षा किती दिवसांच्या डेटावर बसवली, हे रकाने सीडीएममध्येच असतात. निरीक्षण जुनं आणि कमाल पीसी मोठी, की रडारला जादा वेळ मागायचा. हा नियम पेंगत नाही.

आणि २००९ चं खापर रात्रपाळीवर का फोडता? सगळ्या चालू उपग्रहांची रोजची छाननी त्या टकरीनंतर सुरू झाली. टीएलई हे मुळात किलोमीटरभर चुकणारं साधन. त्यापुढे कोणीही जागा राहिला असता तरी त्याला तेच ५८४ दिसले असते.

अपभू
'दोन ओळींचा कोड' वाचून करमणूक झाली. त्या दोन ओळींत काय काय बिघडतं ते सांगतो.

सीडीएममध्ये स्थान किमीत, वेग किमी प्रति सेकंदात, पण कोव्हेरियन्स चौरस मीटरमध्ये आणि अंतर मीटरमध्ये. कोव्हेरियन्स चौरस किमी समजून वाचला की १०० मीटरचा सिग्मा १०० किमी होतो आणि पीसी निमूटपणे शून्याला टेकते. दुसरं, टीएलईतून निघणारं स्थान टीम नावाच्या निर्देशांक-चौकटीत असतं, त्या त्या तारखेच्या विषुववृत्ताला धरून. ते जे२०००, म्हणजे २००० सालाला धरलेल्या चौकटीतलं, समजून वापरलं, तर तेव्हापासूनच्या परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष संथपणे डोलण्यामुळे) खालच्या कक्षेत चाळीसेक किमीपर्यंत फरक पडतो. म्हणजे खरी भेट यादीत येतच नाही. तिसरं, टीएलईतली तारीख वर्षातला कितवा दिवस अशी लिहितात. लीप वर्षात फेब्रुवारीनंतर एक दिवस इकडेतिकडे करणारी स्क्रिप्ट हमखास कुठेतरी सापडते.

यातली एकही चूक ओरडत नाही. पडदा हिरवा आणि शांत. शांतता दोन प्रकारची: धोका नाही म्हणून, आणि डेटाच यायचा थांबला म्हणून. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

उपाय आहे. दर पाळीला उत्तर माहीत असलेली एक बनावट भेट साखळीच्या पहिल्या टोकातून आत सोडायची आणि शेवटच्या टोकाला घंटा वाजते का बघायचं. ज्या कक्षात हे होत नाही तिथली रात्रपाळी मात्र काढू नका.

दहा_सेंमी
गणितावर भांडताय, पण वस्तूला मध्येच कोणी ढकलत नाही असं दोघांनीही धरलंय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खालच्या कक्षेत प्रवासाच्या दिशेने फक्त १ सेंमी प्रति सेकंदाचा धक्का द्या. दिवसभरात उपग्रह आधीच्या अंदाजापासून सुमारे २.६ किमी सरकतो (धक्का गुणिले वेळ गुणिले तीन, हा ढोबळ नियम). मालकाने तो धक्का कळवला नसेल तर तुमचा २०० मीटरचा सुबक सिग्मा कवडीमोलाचा. विद्युत थ्रस्टरवाले उपग्रह तर दिवसेंदिवस ढकलत राहतात. यंत्राला एवढंच दिसतं की निरीक्षणं कक्षेवर बसत नाहीत. बेताल यंत्रणा मग जुनी वस्तू 'हरवली' आणि 'नवी सापडली' अशी नोंद करून मोकळी होते.

इथे फोन लागतो. प्रश्न तीन: गेल्या ४८ तासांत इंजिन चालवलं का? टीसीएपूर्वी चालवणार आहात का? पाठवलेल्या इफेमेरिसमध्ये (पुढच्या स्थानांच्या तक्त्यात) ते धरलंय का? तिसऱ्याचं उत्तर पुष्कळदा 'बघून सांगतो' असं येतं.

ऑन-कॉलच्या, म्हणजे गरज पडली की उठवायच्या माणसाच्या, भरवशावर राहणाऱ्यांसाठी: २ सप्टेंबर २०१९ ला युरोपच्या इऑलस उपग्रहाला स्पेसएक्सच्या एका स्टारलिंक उपग्रहापासून बाजूला व्हावं लागलं. शक्यता वाढल्याचा पत्रव्यवहार स्पेसएक्सच्या ऑपरेटरला दिसलाच नाही, कारण त्यांच्या ऑन-कॉल पेजिंग यंत्रणेत बग होता, असं कंपनीनेच सांगितलं.

कक्षापाल
इऑलसचा मुद्दा मान्य, फोन दुहेरी हवा. पण तुमचे तीन प्रश्न रात्री विचारून उत्तर कोण देतं? समोरचाही झोपलेलाच असतो. टीसीएच्या आधी दोन-तीन दिवस इशारा मिळतो, त्यात कार्यालयीन वेळ दोनदा येते.

आणि काही भेटींपुढे जागून उपयोगच नसतो. २८ फेब्रुवारी २०२४ ला नासाचा टाइम्ड आणि रशियाचा कॉसमॉस २२२१ एकमेकांपासून २० मीटरहून कमी अंतरावरून गेले. दोघांनाही हलवता येत नव्हतं. रात्रभर पडद्याकडे बघून काय साधलं असतं?

अपभू
आधी काही नाही, पण नंतर बरंच काही. टीसीएनंतरच्या पहिल्याच फेरीत दोन ठिपके दोनच आहेत की भोवती पसारा झालाय, हे बघावं लागतं. तुकडे दिवसागणिक कक्षाभर पसरतात, आणि कोणता तुकडा कोणाचा हे सुरुवातीलाच सोपं असतं. त्यासाठी रडारची वेळ आधी राखून ठेवायची, म्हणजे कोणाच्या तरी नियमित ट्रॅकिंगवर टाच आणायची. त्या वाटाघाटी स्क्रिप्ट करत नाही.

सूर्यडाग
'दोन-तीन दिवस आधी इशारा मिळतो' हे शांत सूर्याच्या काळातलं वाक्य. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुटलेल्या ४९ स्टारलिंकपैकी चाळीसेक परत वातावरणात पडले. सौर वादळ काही फार मोठं नव्हतं, पण उपग्रह अजून २१० किमीवर होते आणि फुगलेल्या वातावरणाने त्यांना वर चढू दिलं नाही. मे २०२४ चं वादळ तर जी५, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचं.

अशा रात्री प्रत्येक वस्तूची प्रवासाच्या दिशेतली चूक एकदम वाढते. जुने इशारे खोटे ठरतात, नवे धबधब्यासारखे येतात, आणि शेकडो उपग्रह आपोआप कक्षा सावरायला इंजिनं चालवतात. दहा_सेंमी म्हणतात ती अडचण मग शेकडोंनी गुणा. तेव्हा करायचं ते असं: २४ तासांपलीकडच्या पीसीवर निर्णय थांबवायचा, घर्षणाची अनिश्चितता हाताने वाढवायची, मानव असलेल्या यानांच्या आसपासच्या वस्तू रडारच्या रांगेत पुढे घ्यायच्या. हे ठरवायला शिकलेला माणूस जागा हवा.

पुनःप्रवेशाचंही, म्हणजे वस्तू वातावरणात परत शिरण्याचंही, तेच. उरलेल्या वेळेच्या साधारण २० टक्के चूक धरतात. पाच तास उरले असताना चूक एक तासाची, आणि तेवढ्यात वस्तू सुमारे २८,००० किमी जाते. खिडकी आवळत जाते ती शेवटच्या काही तासांत, घड्याळात किती वाजलेत हे न बघता.

कलम_सहा
कायद्याची बाजू कोणी काढली नाही म्हणून थोडक्यात. १९६७ च्या अंतराळ करारानुसार खासगी उपग्रहांचीही जबाबदारी देशाची. १९७२ च्या दायित्व करारात जमिनीवर पडून झालेल्या नुकसानाला चूक सिद्ध करावी लागत नाही, अंतराळातल्या टकरीत मात्र लागते. म्हणजे 'कोणाला, किती वाजता, काय माहीत होतं' हा सगळा खटला. अशा वेळी लॉगमध्ये माणसाची सही आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ हवी. 'यंत्राने हिरवं दाखवलं' हा बचाव मला तरी लंगडा वाटतो.

तिरकस_किरण
सही हवी हे ठीक, पण पेंगत केलेली सही चुकीचाच पुरावा ठरेल, हेही धरा. इथे मी चक्क कक्षापालांच्या बाजूने.

कक्षापाल
सूर्यडाग यांचा मुद्दा घेतो. वादळाचा इशारा असेल त्या रात्री पूर्ण पाळी. एरवी खुर्ची रिकामी, पण झोपेतून उठवायच्या अटी लिहून: पीसी दहा हजारांत एकच्या वर आणि टीसीए २४ तासांच्या आत, कमाल पीसी लाल आणि शेवटचं निरीक्षण दोन दिवसांहून जुनं, मालकाच्या आणि आपल्या कक्षेत एक किमीहून जास्त फरक, अपभूंची बनावट भेट वाजली नाही तर, पुनःप्रवेशाला १२ तास उरले तर.

दहा_सेंमी
तिसऱ्या अटीतला एक किमी सगळ्या दिशांना एकच ठेवू नका. प्रवासाच्या दिशेत एक किमी फरक नेहमीचाच, उंचीच्या दिशेत १०० मीटर म्हणजे कुणीतरी इंजिन चालवलंय. आणि ज्याला उठवायचं त्याने फोन उचलला नाही तर दुसऱ्याला किती मिनिटांनी? तो आकडा कुठेच दिसत नाही.