शब्दचर्चा : ‘मिडलाइफ क्रायसिस’ला मराठीत काय म्हणावे, आणि मुळात म्हणावे का?

अर्धविराम :
चाकणच्या एका कारखान्यातील कर्मचाऱ्यांना वाटायच्या मानसिक आरोग्यविषयक पुस्तिकेचे भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. तिच्यात ‘मिडलाइफ क्रायसिस’वर, म्हणजे मधल्या वयात माणसाला घेरणाऱ्या मानसिक अस्वस्थतेवर, एक प्रकरण असून वाचक बहुतांशी पस्तीस ते पंचावन्न वयाचे, यंत्रावर काम करणारे आणि रोज वर्तमानपत्र वाचणारे आहेत. मी शीर्षक ‘चाळिशीतील पेच’ असे दिले होते. तेथील अधिकाऱ्यांनी ते खोडून ‘मध्यवयीन संकट’ असे केले आणि समासात शेरा मारला की, चाळिशी म्हणजे चष्मा, कामगारांना हे नेत्रतपासणी शिबिराचे पत्रक वाटेल. शेरा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आमच्या घरातही ‘माझी चाळिशी कुठे ठेवली’ असेच विचारले जाते. परंतु ‘मध्यवयीन संकट’ वाचले की मला वाटते, संकटच पंचेचाळीस वर्षांचे झाले आहे. त्यातच प्रकरणाचे पहिले वाक्य असे आहे की, बहुसंख्य लोकांना असे काही होत नाही. ज्याचे नाव घेऊन ते पुढच्याच ओळीत नाकारायचे आहे, त्याला नाव कोणते द्यावे? मजकूर शनिवारी द्यायचा आहे.

पेरुगेट :
‘मध्यवयीन संकट’ हा शब्द नव्हे, तो परिपत्रकाचा मथळा आहे. संकट बाहेरून येते; पूर येतो, दुष्काळ पडतो, जप्ती येते. येथे बाहेर काहीच घडलेले नसते, घर जागच्या जागी असते, पगार होत असतो, मुले दहावीला असतात, आणि तरीही माणसाला हातून काही निसटल्यासारखे वाटत राहते. त्यासाठी मराठीत ‘अरिष्ट’ हा भारदस्त शब्द असून ‘आर्थिक अरिष्ट’ या रूपाने तो रुळलेलाही आहे. तेव्हा ‘मध्यवयारिष्ट’ असा सरळ समास करावा. प्रथम तो जड वाटेल, परंतु ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे सावरकरांचे शब्दही प्रथम जडच वाटले होते आणि आज त्यांच्यावाचून महापालिकेचा एक कागद हलत नाही. इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून मोकळे होणे याला भाषांतर म्हणत नाहीत, टंकलेखन म्हणतात.

नाडीपरीक्षा :
पेरुगेट यांच्या समासाच्या जडपणाला माझा आक्षेप नाही, अर्थाला आहे. आयुर्वेदात ‘अरिष्ट’ दोन अर्थांनी येते. एक अर्थ जवळ आलेल्या मृत्यूचे लक्षण असा असून चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा विभाग अशाच लक्षणांना वाहिलेले आहे. दुसरा अर्थ आंबवून तयार केलेले औषध, म्हणजे अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट वगैरे. तेव्हा ‘मध्यवयारिष्ट’ वाचून पहिला अर्थ ठाऊक असलेला वाचक धास्तावेल आणि दुसरा अर्थ ठाऊक असलेला जेवणानंतर चार चमचे समभाग पाण्यातून घ्यायचे का, असे विचारील.

‘क्रायसिस’ हा मुळात ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ निवाडा असा आहे. त्या काळच्या वैद्यांच्या भाषेत ताप ज्या घटकेला बऱ्याकडे किंवा वाईटाकडे वळतो, ती ही घटका होय. बऱ्याकडे वळला तर आपण ‘दुखण्याला उतार पडला’ असे म्हणतो. दुखण्याला उतार पडला की देवापुढे साखर ठेवायची आणि वय उताराला लागले की हळहळायचे, ही आपल्या भाषेची गंमत कोणी तरी उलगडून सांगावी.

माझ्याकडे पंचेचाळिशीच्या आसपासच्या स्त्रिया झोप न लागणे, धडधड होणे, क्षुल्लक कारणाने रडू येणे अशा तक्रारी घेऊन येतात आणि सोबत आलेले यजमान त्यांच्या आधीच निदान सांगून मोकळे होतात की, ‘हिला सध्या ते मिडलाइफ सुरू आहे.’ भारतीय स्त्रियांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी, आणि तिच्या अगोदरच्या काही वर्षांत संप्रेरकांचे प्रमाण फार वरखाली होत असते. अशा वेळी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर पाहावी, शब्द नंतर शोधावा. पुरुषांनाही हेच लागू आहे. मधुमेह आणि रक्तदाब बहुधा याच वयात प्रथम उघडकीस येतात आणि त्यांच्यामुळे आलेला थकवा ‘आयुष्याचा अर्थ हरवला’ या सदरात जमा होतो.

कोथरूड_बुद्रुक :
शब्दाचा इतिहास पाहिला तर भाषांतराची निम्मी अडचण कळते. १९६५ साली एलियट जॅक्स या कॅनडात जन्मलेल्या मनोविश्लेषकाने मृत्यूची जाणीव आणि मधले वय यांवर लेख लिहिला आणि त्यातून हा शब्दप्रयोग प्रचारात आला. त्याने सुमारे ३१० नामवंत चित्रकार, संगीतकार आणि लेखकांची चरित्रे चाळली होती आणि पस्तीस ते एकोणचाळीस या वयात त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण एकाएकी वाढलेले त्याला दिसले होते. राफाएल सदतिसाव्या वर्षी गेला, मोझार्ट पस्तिसाव्या. म्हणजे मुळात प्रश्न होता, आपणही मरणार हे प्रतिभावंताला कधी पटते आणि मग त्याच्या निर्मितीचे काय होते, हा. तो चाकणच्या कारखान्यापर्यंत कसा पोहोचला, याचे उत्तर १९७०च्या दशकातील अमेरिकेत आहे. तेथे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल लेव्हिन्सन यांनी चाळीस पुरुषांच्या मुलाखती घेतल्या आणि १९७८ साली निष्कर्ष काढला की, सुमारे ८० टक्क्यांना या वयात मोठी उलथापालथ सोसावी लागते. चाळीस माणसांवरून अवघ्या पुरुषजातीचे भाकीत करण्याचे हे धाडस आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही कोणी करणार नाही.

पुढे अमेरिकेतच १९९५पासून काही हजार प्रौढांची मोठी पाहणी सुरू झाली. तिच्यातील काही जणांशी समाजशास्त्रज्ञ एलेन वेदिंग्टन सविस्तर बोलल्या, तेव्हा ‘मला असा काळ येऊन गेला’ असे सांगणारे सुमारे एक चतुर्थांशच निघाले आणि त्यांतील अनेकांनी कारण म्हणून घटस्फोट, नोकरी जाणे, आईवडिलांचा मृत्यू अशा घटना सांगितल्या. या घटनांना वयाचे बंधन नाही आणि कित्येकांच्या बाबतीत त्या चाळिशीच्या आधी किंवा पन्नाशीनंतर घडल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे निराळे आहे. ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड यांनी २००८ साली अनेक देशांतील आकडेवारीवरून दाखवले की, समाधानाची रेघ तरुणपणापासून खाली येत चाळिशी-पन्नाशीच्या दरम्यान तळ गाठते आणि पुन्हा वर चढते. तीच माणसे वर्षानुवर्षे न पाहता एकाच वेळी निरनिराळ्या वयाची माणसे तोलली, असा त्यावर आक्षेप आहे. २०१२ साली ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्या रखवालदारांना आपापल्या प्राण्यांची मनःस्थिती विचारली गेली आणि तेथेही तशीच खाच सापडली. चिंपांझीला गृहकर्जाचा हप्ता नसतो, एवढे मी येथे नोंदवून ठेवतो. मात्र सरासरीची रेघ किंचित वाकणे वेगळे आणि एखाद्याचे घर मोडणे वेगळे. त्यामुळे ‘संकट’, ‘अरिष्ट’ आणि ‘पेच’ हे तिन्ही शब्द मला अतिशयोक्त वाटतात. मी ‘मधल्या वयातील घालमेल’ असे लिहीन.

चिंचवडकर :
पाहण्यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु सेहेचाळिसाव्या वर्षी ज्या कारखान्यात मी फिटर होतो, त्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि त्या योजनेत ‘स्वेच्छा’ हा शब्द कोणाच्या इच्छेविषयी होता, हे येथील शब्दतज्ज्ञांनी कधी तरी तपासावे. पैसे ठीक मिळाले. त्यानंतर मी घरातील प्रत्येक यंत्र उघडू लागलो. आधी पंखे, मग मिक्सर, मग सौभाग्यवतींचे शिवणयंत्र. शिवणयंत्राचा शटल काढून, रॉकेलमध्ये धुऊन, वर्तमानपत्रावर क्रमाने मांडून ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडायचा. बिघाड कशातच नव्हता. शेजारी म्हणत की, यांना चाळा लागला आहे. सासऱ्यांनी ‘डोक्यावर परिणाम’ असा शब्द वापरला. आईने पत्रिका दाखवून आणली आणि साडेसाती असल्याचे सांगितले.

आज विचार करतो तेव्हा या तिघांत आईचा शब्द मला सर्वांत उपयोगी पडला. माझा शनीवर विश्वास नाही. पण साडेसातीला संपण्याची तारीख असते. तिच्यात माणसाचा दोष नसतो, त्यामुळे घरातील कोणी त्याला ‘असा का वागतोस’ म्हणून धारेवर धरत नाही आणि शनिवारी मारुतीला तेल घालण्यासाठी तरी तो अंघोळ करून, दाढी करून घराबाहेर पडतो. पुस्तिकेतील शब्दाने यांतील एखादे काम केले तरी पुष्कळ आहे. मात्र ‘घालमेल’ हा शब्द कामगाराला पसंत पडणार नाही. घालमेल मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्री होते. कोथरूड_बुद्रुक यांनी दिलेला तो चौथा हिस्सा कमी का मानावा, हेही मला उमगले नाही. आमच्या विभागात चारांतला एक म्हणजे प्रत्येक पाळीत दहा-बारा माणसे होतात.

ळक्षज्ञ :
चिंचवडकर यांचा अनुभव चर्चेला जमिनीवर आणतो. त्यांच्या शेजाऱ्यांच्या ‘चाळ्या’वरून कोणी ‘चाळिशी’ची व्युत्पत्ती लावण्याआधी सांगून ठेवतो की, चाळीस हा संस्कृत ‘चत्वारिंशत्’चा प्राकृतातून आलेला वंशज असून त्याचा चाळ्याशी, चाळणीशी किंवा पायातील चाळाशी काही संबंध नाही.

मला वेगळीच गोष्ट दिसते. पंचविशीपर्यंतच्या मूर्खपणासाठी मराठीत ‘गद्धेपंचविशी’ आहे. साठीनंतर ‘साठी बुद्धी नाठी’ आहे, ‘म्हातारचळ’ आहे. मधल्या पस्तीस वर्षांत भाषा माणसाला वेडे होण्याची सवलत देत नाही. तेथे फक्त चष्मा देते. याचे कारण उघड आहे. त्या वयात धाकटी भावंडे, मुले आणि म्हातारे आईबाप अशा तिन्ही पिढ्या एकाच्या कमाईवर उभ्या असत आणि त्याने चळणे कोणाला परवडणारे नव्हते. पंचेचाळिसाव्या वर्षी भारी सायकल व घट्ट कपडे विकत घेऊन पहाटे खडकवासल्याला जाणारे जे सद्गृहस्थ आज सिंहगड रस्त्यावर दिसतात, त्यांना शब्द हवा आहे, कारण त्यांना प्रथमच सवड मिळाली आहे. ज्यांना सवड नव्हती त्यांनाही त्रास झालाच असणार, पण तो पित्त, पाठदुखी आणि चिडका स्वभाव या नावांखाली नोंदला गेला.

ओसरी :
ळक्षज्ञ यांचा ‘माणूस’ पुरुष आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. जॅक्सनेही स्त्रियांचा विषय रजोनिवृत्तीच्या एका उल्लेखात गुंडाळला होता, तेव्हा परंपरा जुनी आहे. भुवनेश्वरच्या जुन्या मंदिर-वस्तीतील ओडिया स्त्रियांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ उषा मेनन यांनी रिचर्ड श्वेडर यांच्यासह केला आहे. तेथे स्त्रीच्या आयुष्याचे मोठे भाग ‘बापघर’ आणि ‘सासूघर’ असे पडतात, वयाच्या आकड्यांनी नव्हे. पुढे सून घरात आल्यावर घराचा कारभार जिच्या हाती असतो, त्या ‘प्रौढ’ अवस्थेलाच त्या स्त्रिया आयुष्यातील सर्वांत समाधानाचा काळ मानतात. आपल्याकडेही माहेर-सासर आहेच. आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लागल्यावर आमच्या आजेसासूबाईंचा आवाज बदलला होता, असे घरात सांगतात. ही सत्ता सुनेच्या जिवावर उभी असते, हे मी विसरलेले नाही. परंतु ‘प्रौढ’ हा शब्द आपण प्रौढ शिक्षणवर्गात बसवून वाया घालवला. मी शीर्षक ‘प्रौढपणाचा उंबरठा’ असे देईन.

पेरुगेट :
‘प्रौढ’ला माझी हरकत नाही. तो ‘प्र’ आणि ‘ऊढ’ मिळून झाला असून ‘ऊढ’ हे ‘वह्’ धातूचे रूप आहे. ‘नवोढा’मध्येही हेच ‘ऊढा’ आहे. नुकतीच वाहून आणलेली ती नवोढा आणि पुष्कळ वाहून झालेली ती प्रौढा, असे मी म्हणेन. परंतु उंबरठा हा कोणत्याही शीर्षकाला लावता येतो, म्हणून तो कोणत्याच शीर्षकाला लावू नये. वानप्रस्थाचा येथे अजून कोणी उल्लेख केला नाही, याचे आश्चर्य वाटते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाला वय सांगितलेले नाही. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मुलाला झालेले मूल दिसले की अरण्यात जावे, एवढेच सांगितले आहे.

अर्धविराम :
सर्वांचे आभार. अधिकाऱ्यांना मी ‘घालमेल’, ‘प्रौढपणा’ आणि मूळ इंग्रजी शब्द असे तीन पर्याय कळवले होते. त्यांनी उलट विचारले आहे की, ‘चाळिशीतील’ म्हणजे नक्की कोणत्या वयाचे? त्यांच्या मते एकतीस ते चाळीस. मी चाळीस ते एकोणपन्नास असे धरून लिहिले होते.

ळक्षज्ञ :
अधिकारी बरोबर आहेत. वेताळपंचविशी म्हणजे पंचवीस कथांचा समूह, हनुमान चालीसा म्हणजे चाळीस चौपायांचा समूह. त्याच न्यायाने चाळिशी हा चाळीस वर्षांचा संच आहे आणि तो चाळिसाव्या वर्षी पुरा होतो. म्हणूनच आपण ‘चाळिशी उलटली’ असे म्हणतो. चाळीस ते एकोणपन्नास हा अर्थ इंग्रजी वळणाने अलीकडे शिरला आहे.

कोथरूड_बुद्रुक :
मग गद्धेपंचविशी जन्मापासून धरायची काय? आमच्याकडे ती सोळा ते पंचवीस अशी मोजतात. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘पन्नाशीतला’ म्हणून पाहा, तो तुमच्याशी बोलणे सोडेल.

पेरुगेट :
वळण कोठूनही आलेले असो, ‘विशीतील तरुण’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर बावीस-तेवीस वर्षांचाच मुलगा येतो, अकरा-बारा वर्षांचा नव्हे. येथे मी रूढीच्या बाजूने आहे.

ळक्षज्ञ :
‘मध्यवयारिष्ट’ सुचवणाऱ्याने रूढीची बाजू घ्यावी, हे येथे नोंदवून ठेवतो. गद्धेपंचविशीविषयी सविस्तर उद्या लिहितो. सोळा ही तिची खालची सीमा मला मान्य नाही.