पॉइंट टूटूचा बार फुसका गेला. मुलीसाठी काय काय घ्यावं? (बजेट ५०००)

वाडीकर:
नमस्कार मंडळी. मुलगी सतरा वर्षांची, बारावीत आहे. दोन वर्षं एअर रायफल केली, आता क्लबच्या पॉइंट टूटू (०.२२ इंची) रायफलवर ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) सुरू केलंय. गेल्या रविवारी बाहेर धो धो पाऊस, आत तिचे विसेक शॉट झाले होते. एरवी "टॅक्" असा कोरडा आवाज येतो. त्या वेळी आला "ढप्". मॉनिटरवर काहीच उमटलं नाही. तिला वाटलं मशीन अडकलं. बोल्ट (नळीमागचा अडसर) उघडला, पुढचं काडतूस आत सरकवलं, आणि मागून सर ओरडले, "हात काढ!" रायफल रिकामी करून सरांनी मागून रॉड घातला तर तो वीतभर आत जाऊन थांबला. गोळी नळीतच. चटईवर न जळलेल्या दारूचे खसखशीएवढे दाणे सांडले होते, तेही आम्हाला नंतर दिसले.

तिला काही झालं नाही. माझी मात्र दोन रात्री झोप उडालीय. प्रश्न असा: चष्मा, कानाचं काहीतरी, क्लीनिंग रॉड, नळीत बघायचा कॅमेरा, यातलं काय घेऊ? बजेट ५०००, त्यावर नाही. काडतुसं क्लबचीच मिळतात, ती आमच्या हातात नाहीत, म्हणून ब्रँड विचारत नाहीये.

शून्यवेध:
काडतुसं बदला. मी सात वर्षं टेनेक्स वापरतोय, एकही फुसकं निघालेलं नाही. स्वस्तातलं घ्यायचं आणि मग रडायचं याला अर्थ नाही.

वाडीकर:
ठळक अक्षरात लिहिलंय हो वर.

फ्युर्थचा_पाहुणा:
मी गेली नऊ वर्षं जर्मनीत, फ्युर्थला. आरडब्ल्यूएस या काडतूस कंपनीचा कारखाना इथे श्टाडेल्नला आहे, आमच्या क्लबपासून जवळच. इथे लोक स्वतःची रायफल घेऊन टेस्टिंगला जातात. नळी शिकंज्यात धरतात, एकाच काडतुसाचे वेगवेगळे लॉट (एकत्र बनलेल्या खेपा) मारून बघतात, ज्याच्या भोकांचा घोळका सगळ्यात बारीक येतो तो लॉट उचलायचा. लापुआचं श्योनेबेकला आहे, एलीचं बर्मिंगहॅमला. तुम्हीही लेकीला एकदा घेऊन या.

ठाण्याची_नेमबाज:
५००० मध्ये जर्मनी. छान.
आणि लॉट टेस्टिंग अचूकतेसाठी असतं हो. शंभर गोळ्या एका भोकातून गेल्या म्हणून एकशे एकावी फुसकी निघणार नाही असं नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुना_कॅडेट:
एनसीसीत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. रुकावट आली की तुरंत कार्रवाई: बोल्ट मागे, खोका (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर, नवी गोळी, फायर. कॅम्पला डिलक्स रायफलवर दिवसाला दहावीस मिसफायर व्हायचे, कोणी घाबरत नव्हतं. हल्लीच्या मुलांना प्रत्येक गोष्टीला कॅमेरा लागतो. आमचे उस्ताद आवाजावरून सांगायचे, कुणाच्या रायफलचा पिन झिजलाय.

रेंजमामा:
कॅडेटसाहेब, तुम्ही सांगताय तेच ती मुलगी करत होती आणि तिथेच घात होणार होता. ती सवय लढाईतली, समोरून गोळ्या येत असतात तेव्हाची. रेंजवर उलट करायचं.

बावीस वर्षं रेंजवर रायफली दुरुस्त करतोय, सांगतो ते नीट वाचा. काडतुसाची खोडी तीन प्रकारची.

घोडा पडला, "टिक्" झालं, बार नाही. रायफल खांद्यावरून हलवायची नाही, नळी टार्गेटकडे, मनात तीस आकडे मोजायचे, मग बोल्ट उघडायचा. दारू उशिरा पेटणारी असली तर तेवढ्यात पेटून जाते. बहुतेक वेळा उशीर सेकंदाच्या आतला असतो, पण त्याच क्षणी तुम्ही बोल्ट उघडला तर खोका बाहेर फुटतो आणि पितळेचे तुकडे तोंडावर.

दुसरी, बार झाला पण दबका. धक्का कमी, आवाज ढप्, टार्गेटवर भोक नाही. हा सगळ्यात वाईट, कारण माणसाला वाटतं शॉट झाला. टूटूची नुसती कडेतली मसाल्याची (दारू पेटवणाऱ्या रसायनाची) ठिणगीसुद्धा गोळीला नळीत ढकलू शकते. दारू कमी पडली, दमट झाली किंवा तेल लागलं की एवढंच होतं. त्यामागून दुसरी मारली की दोन्हींच्या मध्ये दाब कोंडतो आणि नळी तिथे फुगते. कधी फाटते. अशा वेळी शूटिंग बंद, रायफल रिकामी, बोल्ट काढून मागून रॉड. पलीकडे आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचं काडतूस नाही. अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीने "उडवून" काढणारे महाभागही पाहिलेत.

तिसरी, खोक्याची कड फाटते आणि गॅस मागे येतो. त्यासाठी चष्मा. तुमच्या यादीत पहिला चष्माच.

शून्यवेध:
मी म्हटलंच होतं, चांगली काडतुसं वापरा.

कोकण_किनारा:
आमच्याकडे रत्नागिरीला जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा बुरशी येते. मी काडतुसं तांदळाच्या डब्यात ठेवतो, कधी त्रास नाही. एक मित्र फ्रिजमध्ये ठेवायचा, त्याची अर्धी पेटी गेली.

ठाण्याची_नेमबाज:
फ्रिजमधून काढल्यावर थंड पितळेवर पाणी सुटतं, गेलीच असणार. तांदूळ कशाला, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि घट्ट झाकणाचा डबा. आणि गोळीवरचं मेण पुसू नका. गोळी हाताला तेलकट लागते म्हणून आमच्याकडे एक मुलगा रुमालाने पुसून पुसून रांगेत मांडायचा. उलट बाजूने, चेंबरमध्ये (काडतूस बसतं तिथे) तेल भरपूर सोडायचं आणि मग काडतुसाला दोष द्यायचा, हेही बंद करा.

पुणेरी_बोअरस्कोप:
कॅमेऱ्याबद्दल माझा अनुभव विचारा. फोनला लावायचा एंडोस्कोप मागवला, ९०० रुपये, "५.५ मिमी" लिहिलेला. मी खूश, कारण टूटू म्हणजेही साडेपाच मिलिमीटरच. हीच तर गंमत. नळीचं अंतर साडेपाच आणि कॅमेराही साडेपाच, जाणार कसा! बूच बसावं तसा तोंडाशीच अडकला. परत घेईनात, म्हणाले वस्तू उत्तम चालतेय. घ्यायचाच तर चार मिमीच्या आतला घ्या. तो महाग पडतो, माझा आकडा बायकोला अजून माहीत नाही, इथे लिहीत नाही.

रेंजमामा:
कॅमेरा लागत नाही. फुगवटा डोळ्याला दिसतो. नळी उजेडाकडे धरून मागून बघा, आत काळपट कडं दिसलं की समजा. नाहीतर रॉडवर घट्ट चिंधी लावून सावकाश ढकला, मध्येच एका जागी हात सैल पडला तर तीच जागा.

नवशिक्या_नाशिक:
ते कडं माझ्या रायफलला आहे 😐 आणि माझं तर काडतूसही खराब नव्हतं. साफ करताना फेल्टची गुंडी नळीतच राहिली, दुसऱ्या दिवशी मी पहिला शॉट मारला. नवी नळी, आयात, चार महिने वाट. वडील अजून जेवताना विषय काढतात. तेव्हापासून पहिल्या शॉटआधी नळीतून आरपार बघतो, आणि साफ करताना गुंड्या मोजतो.

शंकासुर:
मूळ मुद्दा वेगळाच आहे. एवढ्या लहान मुलीच्या हातात खरी बंदूक द्यायचीच कशाला? बॅडमिंटन आहे, बुद्धिबळ आहे.

राधानगरीकर:
शंकासुरभाऊ, ५० मीटर प्रोनची २०१० ची म्युनिकची वर्ल्ड चॅम्पियन तेजस्विनी सावंत कोल्हापूरचीच. आणि पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ विसरलात? स्वप्नील कुसाळे आमच्या राधानगरी तालुक्यातला, कांबळवाडीचा. तोही ५० मीटरवाला, थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं, उभं). बुद्धिबळ तुम्ही खेळा.

शून्यवेध:
बालेवाडीला मी त्याच्या दोन लेन पलीकडे शूट केलंय. तो कुठलं अ‍ॅम्युनिशन वापरत होता तेही बघितलं होतं.

ठाण्याची_नेमबाज:
आता ते इथे सांगू नका, नाहीतर वाडीकरांना परत ठळक करावं लागेल.

जुना_कॅडेट:
मिसफायर झालेली गोळी अर्धी फिरवून परत मारली की जाते. टूटूत मसाला कडेत असतो, एका जागी कमी असतो इतकंच. आम्ही शेकडो मारल्या असतील.

ठाण्याची_नेमबाज:
आमच्या रेंजवर मनाई आहे. एकदा न उडालेली थेट वेगळ्या डब्यात.

रेंजमामा:
दोघांचंही थोडं बरोबर. आधी खोक्याच्या कडेवरची खूण बघायची. उथळ असेल तर खोट काडतुसात नाही, तुमच्या पिनमध्ये, स्प्रिंगमध्ये किंवा बोल्टमधल्या जुन्या घट्ट झालेल्या तेलात आहे. अशी गोळी दुसऱ्या रायफलीत बिनबोभाट जाते. खूण खोल आणि तरी बार नाही, मग मसाला खराब. परत मारायची की नाही ते रेंज ऑफिसर ठरवेल, तुम्ही नाही. न उडालेल्या गोळ्या खिशात घालून घरी आणायच्या नाहीत, केराच्या डब्यात तर मुळीच नाही. मोजून आर्मररच्या (रायफली सांभाळणाऱ्याच्या) ताब्यात. एकदा एकाच्या पँटच्या खिशातली गोळी धुवायच्या मशीनमध्ये सापडली होती, आणि तीही बायकोला नाही, सासूबाईंना.

फ्युर्थचा_पाहुणा:
दाबाबद्दल लिहायचं राहिलं. टूटूत कमाल दाब २४,००० पीएसआय धरतात. कारच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असतो. आता नळीचं तोंड बंद आहे अशी कल्पना करा.

वाडीकर:
कल्पना करूनच झोप उडालीय साहेब. चष्म्याबद्दल कोणी सांगेल का? तिला नंबर आहे, उजव्या डोळ्याला दीड.

शून्यवेध:
शूटिंग फ्रेमच घ्या. नोब्लोख किंवा चॅम्पियन. माझी नोब्लोख २०१४ ची आहे, अजून नवीन. प्रोनमध्ये मान खाली असते, नजर काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून जाते. साध्या चष्म्यात तिथून बघितलं की चित्र सरकतं. शूटिंग फ्रेममध्ये काच डोळ्यासमोर काटकोनात फिरवता येते. एकदाच खर्च होतो.

वाडीकर:
किंमत?

शून्यवेध:
ते शोधा ऑनलाइन. पण एकदाच होतो.

ठाण्याची_नेमबाज:
शोधून आले. बजेटच्या कितीतरी पट. 🙂
शून्यवेध कोपऱ्याबद्दल खरं बोलतायत, पण शूटिंग फ्रेमची ती एक गोल काच म्हणजे सुरक्षेचा चष्मा नव्हे, बाजू उघड्याच राहतात. सुरक्षेसाठी पॉलिकार्बोनेट, दांडीवर "झेड ८७" (अमेरिकी सुरक्षा मानकाची खूण) कोरलेलं. हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. नंबरच्या चष्म्यावर चढेल असा घ्या.

कोकण_किनारा:
मी वेल्डिंगचा वापरतो.

ठाण्याची_नेमबाज:
मग टार्गेट दिसतं?

कोकण_किनारा:
पारदर्शक वेल्डिंगचा असतो हो.

रेंजमामा:
कान विसरू नका. टूटू हळू वाजते म्हणून मुलं कान उघडे ठेवतात. रायफलचा आवाज कानाजवळ १४० डेसिबलच्या आसपास भरतो, आणि दिवसाला साठ-शंभर शॉट. फोमचे बूच तीस रुपयाला जोडी. पण बूच घातल्यावर "टॅक्" आणि "ढप्" यातला फरक कमी कळतो, म्हणून तिला सवय लावा: मॉनिटर कोरा राहिला की आधी हात थांबवायचा, मग सरांकडे बघायचं. मशीन बिघडलंय हे नेहमी सगळ्यात शेवटी धरायचं. आणि शूटिंगनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, शिसं असतं.

शंकासुर:
बघा, शिसं, दाब, बहिरेपण. मी काय म्हणत होतो.

राधानगरीकर:
तुमच्या बॅडमिंटनमध्ये गुडघे जातात.

वाडीकर:
सगळ्यांचे आभार. खरेदी झाली, सांगतो काय केलं ते. कॅमेरा नाही, रॉड नाही (क्लबचा आहे, उगाच दोन), शूटिंग फ्रेम नाही, वेल्डिंगचा तर नाहीच. राजारामपुरीतल्या आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडे मोठ्या काचांची साधी फ्रेम, त्यात नंबरच्या पॉलिकार्बोनेट काचा, बाजूला चिकटवायच्या पट्ट्या. २६५० झाले. तीच ती वर्गातही घालणार आहे, म्हणजे विसरणार नाही, हा तिचाच मुद्दा. फोमचे बूच दोन डझन.

शून्यवेध, तुमचा कोपरा बरोबर निघाला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, वरच्या कोपऱ्यातून वर्तुळ अंडाकृती दिसतंय. चष्मेवाल्याने नाकावरच्या पट्ट्या वाकवून फ्रेम वर चढवून दिली, आता "चालेल" म्हणते. स्कोअर चार पॉइंटने कमी आलाय, तो चष्म्यामुळे की युनिट टेस्टमुळे, ठाऊक नाही.

सरांनी त्या पेटीतली उरलेली काडतुसं मोजून बाजूला ठेवली, लॉट नंबर वहीत लिहिला आणि पुरवठादाराला कळवलं. दुसऱ्याच शॉटच्या वेळी तिने स्वतःहून बोल्ट उघडून नळीतून बघितलं, गरज नसताना. सर हसले. मी नाही हसलो.

शून्यवेध:
चार पॉइंट म्हणजे खूप झाले. नोब्लोख घ्या.

पुणेरी_बोअरस्कोप:
कोणाला ५.५ मिमीचा एंडोस्कोप हवा असेल तर ४०० ला देतो. बेसिनच्या पाइपात उत्तम जातो, स्वतः बघितलंय.