थंड हवेत गाडी खरंच जोरात पळते, की तसं नुसतं वाटतं?

पहाटफेरी:
पहाटे गाडी हलकी वाटते आणि भर दुपारी त्याच चढावर गियर उतरवावा लागतो, असं म्हटलं की "रस्ता मोकळा असतो म्हणून तसं वाटतं" हे उत्तर ठरलेलं. मला ते पटत नाही. पेट्रोल सिलिंडरमध्ये हवं तेवढं सोडता येतं, अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. समुद्रसपाटीला 0 अंशाला घनमीटरभर हवा भरते साधारण 1.29 किलो, 40 अंशाला 1.13. सिलिंडर तोच, पण ऑक्सिजन जवळजवळ 13 टक्के कमी. याला भास कसं म्हणायचं?

मोजमाप:
हवा 13 टक्के कमी म्हणून ताकदही 13 टक्के कमी, ही उडी चुकीची आहे. आत शिरताना हवा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) आणि व्हॉल्व्हच्या तापलेल्या धातूवरून जाते. थंड हवा तिथे जास्त तापते, आधीच गरम असलेली कमी, त्यामुळे फरक बराच मिटतो. डायनोचे (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे हवामानानुसार दुरुस्त करायच्या एसएई जे1349 या प्रमाणित पद्धतीत म्हणूनच तापमानाचं वर्गमूळ घेतात, तेही केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक 273). त्या हिशेबाने 25 वरून 40 अंशाला गेलात तर घट सुमारे अडीच टक्के. 100 बीएचपीत अडीच बीएचपी! दुपारी चालू असलेला एसीचा कॉम्प्रेसर एवढी ताकद सहज खातो. एसी बंद करून तोच चढ चढून बघा, मग हवेला दोष द्या.

पहाटफेरी:
@मोजमाप, वर्गमुळाचं मान्य. पण तुम्ही बाहेरचं तापमान धरलंत. मी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघितलंय: बाहेर 36 अंश, आणि वाहतुकीत दहा मिनिटं अडकल्यावर इनटेकचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, सेन्सर 61 वर. गाडी सुटली तरी 43 वर यायला पाच-सहा मिनिटं लागली. इंजिनाला मिळाली ती ही हवा.
दुसरं म्हणजे नॉकिंग. हवा तापलेली असली की ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आत कडेचं मिश्रण आपोआप पेटतं. नॉक सेन्सरला ते कळलं की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आणखी उतरते. हे तुमच्या वर्गमुळात कुठे आहे?

टर्बोवाला:
टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असेल तर 36 आणि 61 वर भांडण्यात अर्थ नाही. हवेचा दाब दुप्पट करताना टर्बो तिला 100 अंशांच्या वर नेतो. पुढे सगळी भिस्त ती हवा पुन्हा गार करणाऱ्या इंटरकूलरवर. त्याच्या जाळीत चिखल-किडे अडकलेले ठेवायचे आणि पिकअप गेला म्हणून उन्हाला बोल लावायचा, हे बरोबर नाही.
आणि बॉनेटखाली उघडा एअर फिल्टर बसवणाऱ्यांना कळकळीने सांगतो: कंपनीचा फिल्टरचा डबा बहुतेक गाड्यांत पुढून बाहेरची हवा घेतो. तो काढून तुम्ही इंजिनाला रेडिएटरमागची गरम हवा पाजताय.

रोजची ये-जा:
ताकदीचं तुम्ही बघा, मला टाकी दिसते. थंडीत ऑइल घट्ट, इंजिन तापेपर्यंत मिश्रणात पेट्रोल जास्त, आणि तीच दाट हवा गाडीला समोरून जास्त अडवते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार शहरात पेट्रोल गाडीचा अ‍ॅव्हरेज उणे 7 अंशाला 25 अंशांपेक्षा सुमारे 15 टक्के कमी पडतो. छोट्या फेऱ्यांत तर त्याहून वाईट. थंड हवा चांगली म्हणताना कोणासाठी चांगली, तेही सांगा. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्याला ती महागच पडते.

मोजमाप:
@पहाटफेरी, अडकून पडल्यावर साठणारी उष्णता आणि उशिराची ठिणगी, दोन्ही मान्य. अडीच टक्क्यांत ती धरलेली नव्हती. पण वाहत्या रस्त्यावर, अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर फरक कळतो हे अजूनही मानत नाही. तिथे पाय जरा जास्त दाबला की हवी तेवढी हवा मिळतेच. उणीव उघडी पडते ती पूर्ण दाबल्यावर.
एक करा. तोच मोकळा, सरळ रस्ता, तेच पेट्रोल, एसी बंद, इंजिन पूर्ण तापलेलं. तिसऱ्या गियरमध्ये 40 ते 80 ला किती सेकंद लागतात ते पहाटे पाचदा आणि दुपारी पाचदा मोजा, दर वेळी इनटेकचं तापमान शेजारी लिहा.

पहाटफेरी:
येत्या रविवारी मोजतो. दहाही आकडे इथेच टाकेन, माझ्या विरुद्ध गेले तरी.