क्वार्टरबॅकला वर्षाला ६ कोटी डॉलर दिले, तर उरलेल्या संघाचं काय?

डॅलसकर (धागाकर्ता)
आमचा क्वार्टरबॅक (ऑफेन्स चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) डॅक प्रेस्कॉट याच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या डॅलस काउबॉइजनी त्याच्याशी ४ वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी ६ कोटी. तेव्हा लीगमध्ये एवढी सरासरी दुसऱ्या कोणालाच नव्हती. वर्षभरातच, ऑगस्ट २०२५ मध्ये, आमच्या डिफेन्सचा (बचाव फळीचा) मायका पार्सन्स ग्रीन बे संघाकडे गेला. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, खेळाडू घ्यायचा हक्क) आणि केनी क्लार्क हा खेळाडू.

एनएफएलमध्ये १९९४ पासून सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) आहे. २०२५ ला ती २७.९२ कोटी डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी ५३ जणांचा संघ तेवढ्यातच बसवायचा. त्यातला पाचवा हिस्सा एकालाच गेला, की बाकीच्यांत ओढाताण होणारच. सिएटलचा २०१३ चा संघ आठवा. क्वार्टरबॅक रसेल विल्सन ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतून आलेला, वर्षाला १० लाख डॉलरसुद्धा नव्हते त्याला. वाचलेल्या पैशात त्यांनी डिफेन्स उभा केला आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडवला.

फिलीकर
तुमचा हिशोब इथेच चुकतोय. कराराची सरासरी वेगळी, त्या वर्षी कॅपमधून वजा होणारी रक्कम वेगळी. आमच्या फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅकचा, जेलन हर्ट्सचा, करार ५ वर्षांचा, २५.५ कोटींचा. पण २०२४ मध्ये कॅपमध्ये त्याचे जेमतेम १.३६ कोटी धरले गेले, कारण बोनसचा बोजा पुढच्या वर्षांवर वाटून टाकला होता. त्यामुळेच सॅक्वॉन बार्कलीला आणणं परवडलं. तो चेंडू घेऊन २,००५ यार्ड धावला आणि आम्ही सुपर बोल ४०-२२ ने जिंकलो.

डॅलसकर
ही उधारीच झाली ना? ती कधीतरी फेडावी लागते. डेन्व्हरने मार्च २०२४ मध्ये त्याच विल्सनला सोडलं, तेव्हा ८.५ कोटी डॉलर त्यांच्या कॅपवर बसले, आणि माणूस खेळायचा दुसऱ्याकडे.

फिलीकर
आणि त्याच मोसमात डेन्व्हर प्लेऑफमध्ये पोचला!

डॅलसकर
हो, पण क्वार्टरबॅक बो निक्सच्या रुकी करारावर (नवोदिताचा स्वस्त करार). म्हणजे स्वस्त क्वार्टरबॅकनेच तारलं. माझंच म्हणणं झालं हे.

सिनसिनाटीकर
आमचं दुखणं ऐका. २०२४ मध्ये आमचा क्वार्टरबॅक जो बरो याने पासवर ४,९१८ यार्ड काढले आणि ४३ टचडाउन पास दिले. दोन्हींत लीगमध्ये पहिला. तरी ९ विजय, ८ पराभव आणि प्लेऑफ हुकलं. ३३ किंवा त्याहून जास्त गुण करूनही आम्ही चार सामने हरलो. बाल्टिमोरकडून ३८-४१ आणि ३४-३५, पिट्सबर्गकडून ३८-४४, वॉशिंग्टनकडून ३३-३८. ते चारही सामने मी रात्र रात्र जागून पाहिलेत.

तरीही बरोच्या २७.५ कोटींच्या कराराला मी दोष देणार नाही. २०२२ आणि २०२३ या दोन्ही ड्राफ्टमध्ये आम्ही पहिल्या फेरीत डिफेन्सचेच खेळाडू घेतले होते. रुकी करारावरचे हे स्वस्त खेळाडू उभे राहिले असते, तर बरोचा पगार कोणाच्या डोळ्यांत खुपला नसता. खेळाडूंची पारख चुकली आणि बोट मात्र पगाराकडे दाखवलं जातं.

कॅन्ससकर
अगदी बरोबर. आम्ही २०२२ मध्ये आमचा स्टार रिसीव्हर (पास झेलणारा) टायरीक हिल मायामीला दिला तेव्हा घरात सुतक होतं. पण बदल्यात पाच पिक आले. त्यातला पहिल्या फेरीचा पिक वापरून वर सरकलो आणि डिफेन्ससाठी ट्रेंट मॅकडफीला घेतलं. त्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक माहोम्स कॅपच्या १७ टक्क्यांवर होता. त्याआधी एवढा वाटा घेऊन कोणताच क्वार्टरबॅक सुपर बोल जिंकला नव्हता, १९९४ च्या स्टीव्ह यंगचा १३ टक्के हाच उच्चांक होता. आम्ही जिंकलो. फायनलला सातव्या फेरीतला आयझाया पचेको ७६ यार्ड धावला. माहोम्स महाग, म्हणून बाकीचे स्वस्तात शोधावे लागले, आणि ते सापडले.

डॅलसकर
माहोम्सचं मान्य. पण माहोम्स एकच आहे, आणि त्याच्या भावाने पैसे मागणारे डझनभर. न्यूयॉर्क जायंट्सनी मार्च २०२३ मध्ये क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला ४ वर्षांचे १६ कोटी कबूल केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडून दिलं. मधल्या काळात त्यांच्या हातून कोण निसटलं? फिलीकर, तुमचा बार्कली.

सिनसिनाटीकर, तुमचं ड्राफ्टबद्दलचं म्हणणं मात्र पटलं. आमच्याकडेही खापर एकट्या डॅकवर फोडता येणार नाही. २८ सप्टेंबर २०२५ ला पार्सन्स ग्रीन बेच्या जर्सीत आमच्याच मैदानावर उतरला. डॅक खेळत असताना आम्ही ४० गुण काढले. आमच्या डिफेन्सने ४० दिले. ओव्हरटाइम संपला तरी बरोबरीच. जिंकायला एक सॅक (समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) पुरला असता, आणि तो काढणारा माणूस समोरच्या बाजूला उभा होता.