विषय: [मराठी शाळा] कागदाचे तीन सारखे भाग कसे करायचे?

नमस्कार मंडळी,
रविवारच्या वर्गात अपूर्णांक सुरू केलेत. घडी घालून अर्धा, पाव, अष्टमांश मुलांना चुटकीसरशी जमतं. गाडी अडते ती एक-तृतीयांशावर. आकाशकंदिलाला सहा बाजू हव्यात, म्हणजे आधी तीन भाग, मग प्रत्येकाचे दोन. मोजायला जावं तर लेटर साइझचा कागद साडेआठ इंच रुंद, ११ इंच लांब. त्याचा तिसरा भाग ३ पूर्णांक २/३ इंच, आणि आपल्या पट्टीवर सोळांशाच्या रेघा! मग "अंदाजे इथे" होतं आणि शेवटची बाजू बारीक निघते. कोणाकडे काही युक्ती?
– तिसरीच्या वर्गाची ताई

---

ताई,
पट्टी तिरकी धरा की! शून्य डाव्या कडेवर, १२ उजव्या कडेवर, आणि ४ व ८ वर खुणा. कागद ११ इंचांचा असो की साडेआठ, तीन भाग सारखेच पडणार. साडेआठच्या रुंदीचे पाच हवेत? मग १० उजव्या कडेवर आणा आणि २, ४, ६, ८ वर खुणा करा. फक्त खुणा वर एकदा आणि खाली एकदा अशा दोनदा करा, नाहीतर घडी तिरपी जाते. आम्ही ड्रॉइंगला हेच करायचो.
– काका

---

काका, युक्ती पक्की आहे, पण त्यात मुलं पुन्हा आकडेच वाचतात. घडीत कड कडेला भिडली की "सारखे" म्हणजे काय ते हाताला कळतं.

ताई, ६ इंचांचा चौरस घ्या. वरच्या कडेचा मध्य नुसता चिमटीने खुणवा, पूर्ण घडी नको. खालचा उजवा कोपरा बरोब्बर त्या खुणेवर टेकवून कागद दाबा. खालची कड तिरकी होऊन डावीकडे जराशी बाहेर डोकावेल. ही तिरकी कड डाव्या कडेला जिथे ओलांडते, तिथे वरून दोन-तृतीयांश! पट्टी लावून बघा, ४ इंच येतात. वर डावीकडे उरलेल्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ५ इंच. समरूप त्रिकोण शिकलेल्या मुलांना "असं का?" विचारा, तास सहज जाईल.

याला हागाचा सिद्धान्त म्हणतात. काझुओ हागा हे जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते, गणिताचे नव्हेत.
– सातवीच्या मुलीचा बाबा

---

जपानपर्यंत कशाला जायचं? मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक १८९३ साली काढलं. कल्पना सुचली बालवाडीच्या रंगीत चौकोनी कागदांवरून. पुढे फेलिक्स क्लाइनसारख्या गणितीने त्याचा उल्लेख केला.
– काका

---

सगळ्यांचे आभार. चौरसाचा प्रयोग वर्गात केला. मोठी मुलं खूश, त्रिकोण मोजून झाल्यावर तर ओरडलीच. धाकट्यांचा कोपरा मात्र खुणेवरून सटकतो. आणि कंदिलाचा कागद चौरस नाही, तेव्हा मूळ प्रश्न तसाच!
– ताई

---

ताई, मग जपानच्याच शुझो फुजिमोतो यांची घडीची पद्धत वापरा, कागद कसाही चालतो. डावीकडून अंदाजाने तिसऱ्या भागावर चिमटी घ्या. उजवी कड त्या चिमटीवर आणून दुमडा, उलगडा. आता डावी कड या नव्या घडीवर आणा, उलगडा. दर घडीला अंदाजातली चूक निम्मी होते. सुरुवातीला अर्धा इंच चुकलं असेल, तर दोन घड्यांनंतर १/८ इंच, आणखी दोन घातल्या की १/३२. तेवढ्याने कंदिलाला काही फरक पडत नाही. मधल्या घड्या नखाने दाबू देऊ नका, नाहीतर कंदिलावर सुरकुत्या दिसतील.

मला ही हागापेक्षा जास्त आवडते. चुकीचा अंदाज घेऊन सुरुवात केली तरी उत्तर बरोबर येतं, हे लहान मुलांना भारी वाटतं.
– पुस्तकपेढीवाली काकू

---

एक विचारू? कंदील चिकटवणार कुठे? कडेला अर्धा इंच सोडावाच लागेल. ११ मधून अर्धा गेला, उरले साडेदहा. सहा भागांचा प्रत्येकी पावणेदोन इंच, पट्टीवर ठळक रेघ आहे.
– काका

---

काका, रविवारी खळीचं भांडं तुमच्याकडे. हे गणित कंदील चिकटेपर्यंत मुलांना सांगायचं नाही.
– ताई